कवचावर जाऊ नका, पाय मोजा

भाताच्या खाचरात पाणी तुंबून आठ-दहा दिवस झाले की एक पांढरी बशी घेऊन बांधावर बसावे. चिखलालगतचे गढूळ पाणी बशीत घ्यावे आणि ते निवळू द्यावे. थोड्या वेळाने तळातून खसखशीच्या दाण्याएवढे ठिपके उठतात आणि डगमगत इकडून तिकडे धावू लागतात. गवताची काडी लागली की मात्र जागच्या जागी मिटतात आणि खड्यासारखे खाली बसतात. क्षणभर शांतता. मग पुन्हा धावपळ सुरू.

हा ऑस्ट्रॅकोड. मराठीत त्याला रुळलेले नाव नाही, म्हणून कोणी त्याला पाण्यातला किडा म्हणते, कोणी पाणपिसू, कोणी शिंपल्याचे पिल्लू. ही तिन्ही नावे चुकीची आहेत, आणि चुकण्याचे कारण एकच: आपण बाहेरचे कवच बघतो आणि थांबतो.

‘हे शिंपल्याचे पिल्लू आहे’

हा सर्वांत जुना आणि सर्वांत समजण्याजोगा गैरसमज. दोन झडपा, पाठीवर बिजागरी, झडपा मिटणारा स्नायू, हे सगळे शिंपल्यासारखेच आहे. खुद्द ऑस्ट्रॅकोड हे नावही शिंपले किंवा खापरी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले. पण शिंपला हा मृदुकाय प्राणी. त्याला सांध्यांचे पाय नसतात. ऑस्ट्रॅकोड हा खेकडा-कोळंबीच्या गोतावळ्यातला, म्हणजे कवचधारी संधिपाद.

फरक वाढीत स्पष्ट दिसतो. शिंपला आहे त्याच कवचाच्या कडेला भर घालत जातो, म्हणून त्यावर वर्तुळाकार रेषा उमटतात. ऑस्ट्रॅकोडच्या कवचावर अशा वाढीच्या रेषा नसतात, कारण तो कात टाकतो. गोड्या पाण्यातल्या बहुतेक जाती पूर्ण वाढ होईपर्यंत आठ वेळा कात टाकतात आणि दर वेळी लांबी साधारण सव्वापट होते. जुन्या झडपा तळाला पडतात आणि नव्या काही तासांत ते एक-दोन दिवसांत कठीण होतात. काही कवचधारी प्राणी कात टाकण्याआधी जुन्या कवचातले कॅल्शियम शोषून साठवतात. हेटेरोसायप्रिस या ऑस्ट्रॅकोडवर 1971 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मात्र असे दिसले की तो जुन्या कवचातले काहीही परत घेत नाही. नव्या कवचाचा चुना थेट भोवतालच्या पाण्यातून येतो. म्हणूनच त्या झडपेत त्या दिवसांतल्या पाण्याची रासायनिक नोंद राहते, आणि जुन्या तळ्यांच्या गाळातल्या झडपा तपासून पूर्वीच्या पाण्याचा खारेपणा आणि हवामान यांचा अंदाज बांधता येतो.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. अंड्यातून बाहेर येणारे पिल्लू फक्त तीन जोड्या अवयवांचे असते, पण अंगावर दोन झडपांचे कवच घालूनच ते जन्मते.

या ओळखीत एक तोतयाही आहे. 1859 मध्ये विल्यम बेअर्ड यांनी नागपूरच्या तळ्यांतल्या सूक्ष्म कवचधारींचे वर्णन लंडनमध्ये प्रसिद्ध केले. ते नमुने नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोळा केले होते. त्यातल्या एका प्राण्याचे सायक्लेस्थेरिया हिस्लोपी हे नाव पुढे स्थिर झाले. त्यालाही दोन झडपा आहेत, पण त्याच्या कवचावर वर्तुळे दिसतात, कारण कात टाकताना तो बाहेरचे कवच सोडत नाही. तो ऑस्ट्रॅकोड नव्हे. भिंगाखाली झडप धरा आणि आधी रेषा शोधा.

‘कवचात मांसाच्या गोळ्याशिवाय काही नाही’

वरवर पाहता कवचाबाहेर चार-पाच केस आणि दोन नखे दिसतात, तेवढ्यावरून हा समज होतो. खरे शरीर बघायचे तर काचपट्टीवर ग्लिसरिनचा थेंब घ्यावा लागतो, त्यात प्राणी ठेवून दोन बारीक सुयांनी बिजागरी सोडवावी लागते. अभ्यासक झडपा वेगळ्या काढून कोरड्या जपतात आणि आतला भाग ग्लिसरिनमध्ये सुटा करतात. एक मिलिमीटरच्या जिवाचे हे काम आहे. श्वाससुद्धा बेताने घ्यावा लागतो.

आत दिसते ते असे. डोके, छाती, पोट अशी ठळक विभागणी नाही; शरीर आखूड, किंचित वाकलेले, झडपांच्या मध्ये लोंबकळल्यासारखे. त्याला अवयवांच्या सात जोड्या. कोळंबीला एकोणीस असतात, आणि इतक्या कमी जोड्यांवर भागवणारे कवचधारी थोडेच.

पहिल्या दोन जोड्या शृंगिकांच्या. खेकड्याच्या शृंगिका चाचपण्यासाठी असतात. ऑस्ट्रॅकोडच्या मुख्यतः चालण्या-पोहण्यासाठी. पोहणाऱ्या जातींत त्यांवर लांब केसांचे झुपके असतात, तीच त्यांची वल्ही. कँडोना या प्रजातीत दुसऱ्या शृंगिकेवरचे हे केस नसतात, म्हणून ती पोहू शकत नाही, चिखलात सरपटते. तिसरी जोडी जंभांची, दातेरी आणि मजबूत. चौथी जंभिकांची, तिच्या बाजूला केसांची एक पंख्यासारखी पट्टी असते. जिवंत प्राणी उलटा धरून पाहिला तर हा पंखा सतत हलताना दिसतो. तो कवचातून पाण्याचा प्रवाह खेळता ठेवतो आणि कवचाच्या आतल्या पातळ अस्तरातून प्राणवायू शरीरात जातो. गोड्या पाण्यातल्या ऑस्ट्रॅकोडना हृदय नसते आणि कल्लेही नसतात. एवढ्याशा शरीराला या पंख्यावर भागते.

पाचवी जोडी खाण्याला मदत करते. बऱ्याच जातींच्या नरांत तिचाच चिमटा होतो आणि त्याने मादीला धरले जाते. सहावी जोडी हे खरे चालण्याचे पाय, टोकाला लांब वाकडी नखी. सातवी जोडी पाहिली की थांबायलाच होते. गोड्या पाण्यातल्या बहुतेक जातींत ती खाली न जाता वर, पाठीकडे वळलेली असते आणि सायप्रिससारख्या कुळांत तिच्या टोकाला बारीक चिमटा असतो. तिचे काम एकच: कवचाच्या आतली साफसफाई. झडपा मिटून राहणाऱ्या प्राण्याच्या घरात कचरा साचू नये म्हणून पायांची एक अख्खी जोडी झाडलोटीला लावली आहे. यांशिवाय शरीराच्या शेवटी काठीसारख्या दोन शाखा असतात, त्यांवर जोर देऊन प्राणी स्वतःला पुढे ढकलतो.

‘पाणपिसू आणि हा एकाच घरातले’

1785 मध्ये ओट्टो फ्रिड्रिख म्युलर या डॅनिश अभ्यासकाने पाणपिसू, सायक्लॉप्स, ऑस्ट्रॅकोड असे सगळे बारीक कवचधारी एका टोपलीत घातले. सायप्रिस ही प्रजातीही त्यानेच नोंदवली. ते ग्रीक प्रेमदेवतेचे एक नाव आहे. त्या काळी ती टोपली सोयीची होती, पण नाते आकारावरून ठरत नाही. पाणपिसूचे कवच तिचे डोके झाकत नाही, ऑस्ट्रॅकोडचे सगळे शरीर झाकते. इथेच दोघांची वाट वेगळी होते.

2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संधिपादांच्या मोठ्या जनुकीय अभ्यासात ऑस्ट्रॅकोड आले ते अर्ग्युलसच्या शेजारी. मत्स्यशेती करणाऱ्यांना अर्ग्युलस सांगायला नको. माशांच्या अंगावरची ती चपटी ऊ. एक रक्तावर जगणारा, दुसरा मुख्यतः शेवाळ आणि कुजका पाला खाणारा, तरी गोत जवळचे.

ऑस्ट्रॅकोड वर्गाचे दोन मोठे उपवर्ग. मायोडोकोपा फक्त समुद्रात राहतात. जपानच्या किनाऱ्यावर निळा उजेड टाकणारा ‘समुद्रकाजवा’ त्यांतलाच. गोड्या पाण्यातले सगळे पोडोकोपात येतात, पोडोकोपिडा या गणात. त्यांच्या तीन शाखा: सायप्रिसांची, सायथेरांची आणि डार्विन्युलांची. जगभरात गोड्या पाण्यातल्या सुमारे 2,300 जिवंत जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांत सर्वांत मोठे कुल सायप्रिडिडी. भारतातल्या जातींचा सविस्तर आढावा व्हिक्टर आणि फर्नांडो या अभ्यासकांनी 1979 मध्ये घेतला.

आता रास्त शंका येईल की पाय पाहूनच ओळखायचे, तर जीवाश्मांचे काय? त्यांचे पाय केव्हाच कुजून गेलेले. तिथे झडपेची आतली बाजू कामी येते. कवच मिटणारा स्नायू झडपेला जिथे चिकटतो तिथे वण राहतात, आणि त्यांची मांडणी शाखेगणिक वेगळी. सायथेरांत चार वणांची उभी रांग, डार्विन्युलांत फुलासारखे वर्तुळ, सायप्रिसांत मोजक्या वणांचा पुंजका. म्हणजे जीवाश्मातही ओळख पटते ती कवच आतून पाहिल्यावर.

हे वण महाराष्ट्रातल्या दगडांतही आहेत. दख्खनचा लाव्हा एका दमात आला नाही. दोन उद्रेकांमधल्या काळात तळी साचली, त्यांत गाळ बसला आणि वरून पुन्हा लाव्हा पसरला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्या गाळाच्या थरांत ऑस्ट्रॅकोडच्या झडपा सापडतात. सोवर्बी या अभ्यासकाने दख्खनच्या अशा जीवाश्मांना 1840 मध्येच नावे दिली होती. नागपूरजवळच्या टाकळीचे थर तर जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहेत.

‘यांच्यात नर नसतातच’

अर्धे खरे. अनेक जातींत माद्याच माद्यांना जन्म देतात. युसायप्रिस व्हायरेन्स या जातीत भूमध्य समुद्राभोवती नर सापडतात, उत्तर युरोपात केवळ माद्या. डार्विन्युलांबद्दल तर वीस कोटी वर्षांत नरच झाले नाहीत असे मानले जाई. 2006 मध्ये जपानच्या याकुशिमा बेटावरून त्यांच्यातल्या एका जातीचे जिवंत नर मिळाल्याची नोंद झाली आणि त्या ठाम विधानाला मुरड घालावी लागली.

जिथे नर आहेत तिथली रचना थक्क करते. सायप्रिसांच्या शाखेत शुक्राणू प्राण्याच्या शरीराहूनही लांब असू शकतो आणि तो पुढे ढकलायला काट्यांच्या चक्रांची एक खास नळी असते, झेंकरचा अवयव. हे अलीकडचे नाही. म्यानमारच्या अंबरमध्ये सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी अडकलेल्या मादीच्या शरीरात असे शुक्राणू मिळाल्याचे 2020 मध्ये जाहीर झाले.

‘पाण्यात हे दिसले म्हणजे नारू होणार’

ही भीती ऐकली की वाईट वाटते, कारण तिच्यामागे खरे दुःख आहे. पायऱ्यांच्या विहिरींतून नारू पसरायचा, ते पाहिलेली माणसे अजून आपल्यात आहेत. पण नारूची अळी सायक्लॉप्समध्ये वाढते, ऑस्ट्रॅकोडमध्ये नाही. आणि भारत 2000 मध्ये नारूमुक्त ठरला.

याचा अर्थ हा जीव सर्वस्वी निरुपद्रवी असाही नाही. मासे आणि पाणपक्ष्यांच्या काही परजीवी कृमींना तो आसरा देतो. भातखाचरात नत्र स्थिर करणारे निळे-हिरवे शेवाळ तो फस्त करतो, म्हणून त्याची संख्या फार वाढली तर शेतकऱ्याचे नुकसानच. दुसरीकडे हेटेरोसायप्रिस इन्काँग्रुअन्स ही जाती गोड्या पाण्यातला गाळ विषारी आहे का हे तपासण्यासाठी आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून 2012 पासून वापरात आहे. घरच्या काचपेटीत ऑस्ट्रॅकोड दिसले तर औषध ओतू नका. ते माशांना इजा करत नाहीत, उरलेसुरले अन्न खातात. आपल्यापुरते बोलायचे तर पाणी गाळून, उकळून प्यावे. तो नियम यांच्यासाठी वेगळा नाही.

‘पावसाबरोबर आभाळातून पडतात’

उन्हाळ्यात भेगाळलेले खाचर जूनमध्ये भरते आणि आठवड्यात त्यात जीव दिसू लागतात. कोणालाही असे वाटेल. खरे तर ते तिथेच होते. कितीतरी जातींची अंडी वाळलेल्या मातीत वर्षानुवर्षे तग धरतात. गेऑर्ग ओसियन सार्स या नॉर्वेच्या प्राणिशास्त्रज्ञाने हे फार सुंदर रीतीने वापरले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने ऑस्ट्रेलियातला सुकलेला चिखल मागवला, आपल्या घरी पाण्यात भिजवला, आणि त्यातून निघालेले ऑस्ट्रॅकोड वाढवून त्यांची वर्णने व चित्रे प्रसिद्ध केली. अर्ध्या जगापलीकडच्या डबक्यातले प्राणी त्याच्या टेबलावर पोहत होते.

हे आपल्यालाही करता येते. येत्या मे महिन्यात आटलेल्या खाचराच्या किंवा तळ्याच्या कडेची चमचाभर माती उचला. काचेच्या बरणीत पावसाचे किंवा विहिरीचे पाणी घ्या, नळाचे असेल तर दोन दिवस उघडे ठेवलेले, आणि त्यात ती माती सोडून बरणी उजेडात ठेवा, उन्हात नको. आठवडाभर रोज बघा. ठिपका धावताना दिसला की भिंग घ्या आणि त्याला उलटा होऊ द्या, म्हणजे पाय दिसतील. पाहून झाल्यावर बरणी जिथून माती आणली त्याच जागी रिकामी करा, दुसऱ्या कुठल्याही पाण्यात नाही. इटलीच्या भातशेतीत परमुलखातले ऑस्ट्रॅकोड माणसाच्या हातूनच पोहोचले आहेत.