६० हजारांत दमदार गेमिंग पीसी : पहिला स्वतःसाठी जोडा, दुसरा गिऱ्हाइकासाठी



"सर, गेमिंग पीसी जोडून विकायचा धंदा करायचाय. सुरुवात कुठून करू?" हा प्रश्न बरेच जण विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. पहिला पीसी स्वतःच्या घरी, स्वतःच्या पैशानं जोडा. त्यात चूक झाली तर थोडे पैसे जातील, पण नाव शाबूत राहील. मी नेमकं उलटं केलं होतं. ते काय झालं, तेही पुढे सांगतो.

पैसा कुठे घालायचा?

गेममध्ये सगळ्यात जड काम असतं चित्र तयार करण्याचं, आणि ते ग्राफिक्स कार्ड करतं. म्हणून बजेटचा सगळ्यात मोठा वाटा त्याचाच. समजा मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आणि विंडोजचं लायसन्स सोडून तुमच्याकडे ६०,००० रुपये आहेत. मग वाटणी साधारण अशी करा:

- ग्राफिक्स कार्ड : २२,८०० (३८ टक्के)
- प्रोसेसर : १०,२०० (१७ टक्के)
- मदरबोर्ड : ७,२०० (१२ टक्के)
- रॅम आणि एसएसडी : १०,८०० (१८ टक्के)
- एसएमपीएस : ४,८०० (८ टक्के)
- कॅबिनेट : ४,२०० (७ टक्के)

हे बाजारभाव नाहीत बरं का, ही फक्त वाटणी आहे. भाव रोज हलतात, रॅमचे तर फारच. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा किंवा ऑनलाइन बघा, पण एकाच दिवशी तीन ठिकाणचे भाव वहीत लिहून घ्या. एखादा भाग महागला तर कॅबिनेटचे रंगीत दिवे कमी करा, एसएमपीएसला हात लावू नका.

भागांची जोडी जमली पाहिजे

एक उदाहरण घेऊ. फुल एचडी स्क्रीनवर गेम खेळायचेत. रायझन ५ ५६०० हा ६ कोअरचा प्रोसेसर, त्याला बी५५० मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम पट्ट्या आणि ८ जीबी मेमरीचं आरएक्स ६६०० कार्ड. ही जोडी जमते, कारण प्रोसेसर आणि बोर्ड दोन्ही एएम४ सॉकेटचे आहेत. या बोर्डात डीडीआर५ रॅम बसतच नाही, म्हणून खरेदीआधी पेटीवरचं वाचा. १६ जीबीची एकच पट्टी घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्या. दोन वाटांनी डेटा जातो, गेम जास्त सुरळीत चालतो.

आता विजेचा हिशोब. हे कार्ड १३२ वॉट घेतं, प्रोसेसर साधारण ७५ पर्यंत जातो, बाकी सगळं मिळून ५०-६० धरा. झाले २७० च्या आसपास. कार्ड मधूनच क्षणभर जास्त वीज ओढतं, शिवाय उद्या मोठं कार्ड टाकायचं असेल. म्हणून चांगल्या कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झ शिक्क्याचा ५५० वॉटचा एसएमपीएस घ्या.

माझी चूक

माझ्या पहिल्या गिऱ्हाइकाच्या पीसीत मी इथेच २,००० रुपये वाचवले. डब्यावर वॉट भरपूर छापलेले, किंमत निम्मी. मला वाटलं, आत कोण बघतंय! आठवड्यात फोन आला, "दादा, गेम चालू केला की पीसी बंद पडतो." मी तीन फेऱ्या मारल्या, विंडोज दोनदा टाकलं, रॅम बदलून पाहिली. शेवटी एसएमपीएस बदलला आणि सगळं थांबलं. माझा त्या कामातला नफा होता २,५००. नवा एसएमपीएस आणि पेट्रोल यात तो पूर्ण गेला, वर खिशातले घातले. त्याहून लागलं ते मुलाच्या वडिलांचं बोलणं: "दिवे छान लावलेत हो, पण पोराचे वर्षभराचे साठवलेले पैसे होते ते." त्या घरातून मला पुन्हा कधी काम आलं नाही.

जोडताना

१. लाकडी टेबलावर काम करा. हात लावण्याआधी धातूला स्पर्श करून अंगातली स्थिर वीज काढा.

२. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या खुणेशी जुळवा. तो अलगद बसतो. जोर लावलात तर पिना वाकल्याच म्हणून समजा.

३. चार खाचांच्या बोर्डात दोन रॅम पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत घाला. तरी बोर्डाचं पुस्तक एकदा बघाच.

४. बोर्डाखालचे पितळी खांब कॅबिनेटमध्ये योग्य जागी आहेत ना, हे तपासूनच बोर्ड बसवा.

५. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डला लावा, बोर्डाला नाही. या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे बोर्डाला लावली तर स्क्रीन काळीच राहते.

६. बायोसमध्ये एक्सएमपी चालू करा. नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगानं पळते आणि तुम्ही दिलेले पैसे झोपून राहतात.

मग दोन तास जड गेम चालवा आणि तापमान बघा. या प्रोसेसरची मर्यादा ९० अंश आहे. आपल्याकडच्या मे महिन्यात खोलीच तापलेली असते, म्हणून समोर जाळी असलेलं कॅबिनेट घ्या. घराच्या प्लगला अर्थिंग आहे का, हेही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

आता धंद्याचं बोलू

सुट्या भागांवर मार्जिन फार थोडं असतं, कारण गिऱ्हाईक मोबाइलवर भाव बघूनच येतं. तुमची कमाई आहे ती योग्य निवड, जोडणी, चाचणी आणि नंतरच्या सेवेची. म्हणून जोडणीचा आकार बिलात वेगळा आणि उघड लिहा. भागांचे पैसे आगाऊ घ्या, स्वतःचं भांडवल अडकवू नका. प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळ्या कंपनीची असते, म्हणून बिलं आणि सीरियल नंबर एका फाइलमध्ये ठेवा आणि एक प्रत गिऱ्हाइकाला द्या. चोरीचं विंडोज टाकून देऊ नका. "स्वस्तात करा" म्हणणाऱ्याला काय कमी करता येईल ते सांगा, आणि काय कमी करता येणार नाही तेही स्पष्ट सांगा. त्यावर तो उठून गेला, तर जाऊ द्या.

या आठवड्याचा गृहपाठ: वर दिलेल्या सहा भागांचे तीन-तीन भाव लिहा, वॉटची बेरीज करा आणि जोडणीचा तुमचा दर ठरवा. वही भरली, की मगच पाकीट उघडा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!