शिफारस नव्हे, साक्ष

आपल्या देशात एमबीबीएसचा प्रवेश 'नीट' परीक्षेतील गुणक्रमावर ठरतो. विद्यार्थी मनुष्य म्हणून कसा आहे, हे त्याच्या अध्यापकांना विचारण्याची पद्धत येथे नाही. अमेरिकेत ती आहे. तेथे बहुधा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम पुरा करून वैद्यकीय महाविद्यालयात जावयाचे असते. अर्जासोबत 'एमकॅट' परीक्षेचे गुण आणि प्राध्यापकांची पत्रे लागतात. पुष्कळ महाविद्यालये विज्ञानाच्या दोन आणि अन्य विषयाच्या एका अध्यापकाचे पत्र मागतात. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलामुलींपुढेही मग प्रश्न येतो : पत्र मागावे कोणाकडे?

आपण त्याला शिफारसपत्र म्हणतो, आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो. शिफारस म्हटली की वशिला आठवतो, आणि वशिला म्हटला की मोठे नाव. तेथील महाविद्यालयांच्या केंद्रीय अर्जव्यवस्थेने मात्र 'मूल्यमापनपत्र' अशा अर्थाचा शब्द योजला आहे. हे पत्र म्हणजे साक्ष होय. आणि ज्याने पाहिले, त्यालाच साक्ष देता येते.

तीनशे विद्यार्थ्यांच्या वर्गात शिकवणारा विख्यात प्राध्यापक फार तर एवढेच लिहील की, विद्यार्थी हुशार असून त्याला वरची श्रेणी मिळाली. ते तर गुणपत्रिकाही सांगते. उलट प्रयोगशाळेतील एखाद्या तरुण अध्यापकाने पाहिलेले असते की, प्रयोग फसला तेव्हा या मुलीने आकडे जुळवून घेतले नाहीत. फसलेले आकडे तसेच वहीत नोंदवून तिने प्रयोग पुन्हा केला. उद्या जिच्या हाती रोग्याचा जीव सोपवावयाचा, तिच्याविषयी याहून मोलाची माहिती कोणती? तिची श्रेणी थोडी खालची असली, तरी असे पत्र अधिक बोलके ठरते. कार्यालयात सहकाऱ्यांचे वार्षिक अहवाल वाचताना मलाही हाच अनुभव येतो : दहा विशेषणांपेक्षा एक घडलेली गोष्ट अधिक सांगून जाते.

विज्ञानेतर अध्यापक निवडतानाही हीच कसोटी लावावी. दुसऱ्याचे म्हणणे ऐकून घेण्याची आणि आपले मत सुधारण्याची तयारी ज्याने चर्चेत पाहिली असेल, तो इतिहासाचा असो वा तत्त्वज्ञानाचा, त्याच्याकडे जावे. काही महाविद्यालयांत सल्लागार समितीच एकत्रित पत्र देते. तेव्हा तेथील रीत आधी विचारून घ्यावी.

विनंती शक्यतो समक्ष आणि एकदोन महिने अगोदर करावी. "आपण माझ्याविषयी तपशिलाने लिहू शकाल का?" असे विचारावे. समोरचा घुटमळला, तर त्याचे आभार मानून दुसरे दार ठोठावावे. कोमट पत्र अहितकारक ठरू शकते. होकार मिळाल्यास आपली गुणपत्रिका, कार्याचा गोषवारा आणि त्यांच्याच विषयात लिहिलेला एखादा निबंध त्यांच्या हाती द्यावा. १९७४ च्या एका कायद्याने विद्यार्थ्याला असे पत्र पाहण्याचा हक्क मिळू शकतो. पण बहुतेक जण तो लेखी सोडून देतात, कारण गुप्तपणे लिहिलेल्या पत्रावर वाचणाऱ्यांचा विश्वास अधिक बसतो.

१८८३ साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. त्यांच्या पाठीशी कोणत्याही विद्यापीठाचा प्राध्यापक नव्हता. आपला निर्धार त्यांनी अर्जाच्या पत्रात स्वतःच मांडला. १८८६ साली त्या एम.डी. झाल्या. आजच्या विद्यार्थ्याला ओळखणारे अध्यापक लाभू शकतात. मात्र ती ओळख आयत्या वेळी होत नाही. पत्र मागण्याची वेळ बहुधा तिसऱ्या वर्षी येते. ते मिळवण्याची वेळ पहिल्या वर्षीच सुरू होते.