‘उद्या भरतो यार!’ची किंमत

डोंबिवलीकराला झोपेतून उठवून विचारा, सकाळची फास्ट किती वाजून किती मिनिटांनी सुटते? तो प्लॅटफॉर्म नंबरसकट सांगेल. लेडीज डबा नेमका कुठे येतो, दिव्याला गाडी किती रखडते, ठाण्याला उतरायचं असेल तर कुठल्या दाराशी उभं राहायचं, सगळं तोंडपाठ! आता त्यालाच विचारा, पीएफचं नॉमिनेशन केलंयस का? मेडिक्लेममध्ये बायकोचं नाव घातलंस का? पठ्ठ्या डोकं खाजवेल आणि म्हणेल, “ते एचआरवाले बघतात ना!”

मंडळी, इथेच तर घोळ आहे. एचआर मेल पाठवतं, पोर्टल उघडून देतं, फार तर डेस्कवर येऊन आठवण करतं. पण तुमचं लग्न कधी झालं, बाळाचं नाव काय ठेवलं, घर मुलुंडला आहे की कोपरीला, हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसं? पगार तुमचा, घरचे तुमचे, तेव्हा सहीसुद्धा तुमचीच!

लग्न झालं, नॉमिनी तोच?

पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी आपण एसीच्या गारव्यात दहा-बारा फॉर्मवर धडाधड सह्या ठोकतो. नॉमिनी म्हणून आईचं नाव टाकतो आणि विसरून जातो. पुढे लग्न होतं. पीएफच्या नियमाप्रमाणे लग्नाआधी केलेलं नॉमिनेशन लग्नानंतर रद्द समजलं जातं, हे किती जणांना ठाऊक असतं? नवं नॉमिनेशन करावंच लागतं. त्यात बायको, मुलं आणि तुमच्यावर अवलंबून असलेले आई-वडील यांच्यात हिस्से वाटता येतात, म्हणजे आईचं नाव ठेवायला कुणाची ना नाही. फक्त ते पुन्हा लिहावं लागतं.

नाही लिहिलं तर? पैसे बुडत नाहीत. पण वाटणी नियमाप्रमाणे होते, तुमच्या मनाप्रमाणे नाही. शिवाय पीएफबरोबर एक विमाही असतो. नोकरीत असताना मृत्यू झाला तर त्याची रक्कम घरच्यांना मिळते, २०२१ मध्ये ती कमाल सात लाख रुपये करण्यात आली. घरावर आभाळ कोसळलेलं असताना बायकोने किंवा म्हाताऱ्या आईने वागळे इस्टेटमधल्या पीएफ ऑफिसच्या चकरा मारायच्या, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. ऑनलाइन ई-नॉमिनेशनला एका चहाएवढा वेळ पुरतो. आधार आणि फोटो हाताशी ठेवा, झालं!

नावात बरंच काही आहे

मराठी माणसाची खास अडचण म्हणजे नाव. आधारवर आडनाव शेवटी, मार्कशीटवर आधी, पॅनवर वडिलांचं पूर्ण नाव आणि पीएफमध्ये नुसतं इनिशिअल! मुलींचं तर विचारूच नका. लग्नानंतर मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतं. बँकेत माहेरचं, आधारवर सासरचं. मग फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी पीएफ काढायला जावं, तर क्लेम रिजेक्ट!

यात एक चांगली बातमी आहे. जानेवारी २०२५ मध्ये पीएफ संघटनेने नियम सोपा केला. तुमचा यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा असेल आणि आधारशी पडताळलेला असेल, तर नाव, जन्मतारीख, आई-वडिलांचं नाव, लग्न झालं की नाही, हे तपशील तुम्ही स्वतःच ऑनलाइन दुरुस्त करू शकता. बऱ्याच केसेसमध्ये जुन्या कंपनीचा पीएफ नव्या खात्यात वळवायलाही कंपनीच्या दाराशी जावं लागत नाही. म्हणजे ‘एचआर करत नाही’ ही सबबसुद्धा गेली!

जुना पीएफ काढून गोव्याची ट्रिप करण्याआधी मात्र दोनदा विचार करा. सलग पाच वर्षं सेवा होण्याआधी काढलेल्या पैशावर कर लागतो. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. खातं वळवलंत तर ती वर्षं जोडली जातात.

चेकनाक्याचा हिशेब

आता जानेवारी-फेब्रुवारीचा आवडता सण, इन्व्हेस्टमेंट प्रूफ! २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते. तुम्ही काहीच कळवलं नाही, तर कंपनी त्याच हिशेबाने टॅक्स कापते. त्यात घरभाड्याची सूट नाही. जुनी हवी असेल तर तसं सांगावं लागतं आणि भाड्याच्या पावत्या द्याव्या लागतात. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅनही.

इथे आपल्या ठाणेकरांसाठी एक गंमत आहे. घरभाड्याची सूट तीन आकड्यांपैकी सगळ्यात लहान आकड्याएवढी मिळते. मिळालेला भत्ता हा एक, भाड्यातून पगाराचा १० टक्के वजा केल्यावर उरतं तो दुसरा. तिसरा मुंबईत पगाराच्या ५० टक्के असतो, मुंबईबाहेर ठाणे-कल्याणला ४० टक्के. बेसिक महिना ४०,००० असेल तर मुलुंडमध्ये ही मर्यादा २०,००० आणि चेकनाका ओलांडला की १६,०००! घर बदललंत आणि पत्ता कळवला नाहीत, तर हिशेब चुकणारच. आईच्या नावावरच्या डोंबिवलीच्या फ्लॅटचं भाडं दाखवता येतं, पण ते खरोखर तिच्या खात्यात गेलं पाहिजे आणि तिच्या उत्पन्नात दिसलं पाहिजे.

ऑफिसची तारीख चुकली तर जग बुडत नाही. फेब्रुवारी-मार्चचा पगार कापून येतो आणि रिटर्न भरून रिफंडची वाट बघावी लागते. पण रिटर्नची मुदतही हुकली तर जुनी करप्रणाली निवडताच येत नाही. ही डेडलाइन खरोखर चावते.

बाळ आलं, कार्ड कुठे आहे?

ऑफिसच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये नवरा, बायको किंवा नवजात बाळाचं नाव ठरावीक दिवसांत घालावं लागतं. बऱ्याच ठिकाणी ही मुदत ३० दिवसांची असते. ती गेली की पॉलिसीच्या रिन्यूअलपर्यंत थांबा! बारशाच्या पेढ्यांच्या ऑर्डरबरोबरच एचआरला मेल टाका. आणि ज्यांचा पगार ईएसआयच्या मर्यादेत बसतो (२०१७ मध्ये ती २१,००० रुपये झाली), त्यांनी घरच्यांची नावं ई-पहचान कार्डावर आहेत का ते आजच बघावं. हॉस्पिटलच्या खिडकीपाशी उभं राहून ते शोधण्यात मजा नाही.

आणि एचआरवाल्यांनो…

दोन शब्द तुम्हालाही! ‘जेंटल रिमाइंडर ५’ कुणी वाचत नाही. एका मेलमध्ये सात अटॅचमेंट आणि चार तारखा असतील तर माणूस तो ‘नंतर बघू’च्या खड्ड्यात टाकतो. त्यापेक्षा एक मेल, एक काम, एक तारीख ठेवा. पहिल्याच ओळीत सांगा, हे केलं नाही तर तुमचं काय जाईल. जॉइनिंगच्या दिवशी सह्यांचा पाऊस पाडण्यापेक्षा पंधरा दिवसांनी अर्धा तास बसवा आणि प्रत्येकाला स्वतःच्या हाताने स्वतःचं पोर्टल उघडू द्या. दर वेळी मुदत वाढवलीत तर पहिली तारीख कुणी खरी मानणार नाही. आणि दुसऱ्याचा फॉर्म कधीही भरून देऊ नका. आज उपकार वाटतो, चुकला की खापर तुमच्यावर!

मोबाइलमध्ये टाका, आत्ताच!

• एप्रिल: कुठली करप्रणाली हवी ते कळवा. भाड्याचा पत्ता तपासा.
• दर महिन्याला: पीएफचं पासबुक बघा. कंपनीने मागच्या महिन्याचे पैसे १५ तारखेपर्यंत भरायचे असतात.
• लग्न, बाळ, नवं घर, नवी नोकरी: आठवड्याच्या आत नॉमिनी, मेडिक्लेम, पत्ता आणि यूएएन बघा.
• वाढदिवस: वर्षातून एकदा सगळे नॉमिनी वाचा. पीएफ, ग्रॅच्युइटी, बँक, विमा, प्रत्येकाचं नॉमिनेशन वेगळं असतं!
• अडलंत तर: २०२३ पासून पीएफ संघटना दर महिन्याच्या २७ तारखेच्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांत ‘निधी आपके निकट’ शिबिर घेते. एजंटला पैसे देण्याआधी तिथे जा.

आणि एक शेवटचं काम. हे सगळं कुठे आहे, कुठल्या नंबरने उघडतं, ते घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यांनाच पत्ता नसेल तर काय उपयोग?