एन्ट्र्या झाल्या, मारामारी राहिली

२०२४च्या दिवाळीत बाजी 'सिंघम अगेन'नं मारली की 'भूलभुलैया ३'नं, हा वाद काही मिटला नाही. दोन्ही चित्रपट १ नोव्हेंबरला एकाच दिवशी आले, थिएटरांच्या वाटणीवरून त्यांची आधीच जुंपली होती, आणि दोघांनीही दोनशे कोटींचा टप्पा ओलांडला. तेव्हा आकड्यांचं राहू द्या. एक मारधाडीचा, दुसरा भुताटकीच्या विनोदाचा. पण दोन्ही पाहून बाहेर पडताना माझी तक्रार एकच होती. कोण कधी आलं ते आठवतं, आल्यावर त्यानं केलं काय ते आठवत नाही.

'सिंघम अगेन' रामायणावर बेतलाय. करीना कपूरला अर्जुन कपूर श्रीलंकेला पळवून नेतो, टायगर श्रॉफ लक्ष्मण, अक्षय कुमार जटायू, रणवीर सिंग हनुमान. न जाणो कुणाच्या लक्षात आलं नाही तर, म्हणून मधूनमधून रामलीलाही दाखवतात! प्रत्येकाला संथ चाल, धुरळा, कानठळ्या बसवणारं संगीत आणि शिट्ट्यांसाठी राखून ठेवलेला वेळ. एवढ्यांचे मानपान उरकल्यावर प्रत्यक्ष हाणामारी घाईघाईत आटपायची. ठोसा एका शॉटमध्ये, कोसळणारा दुसऱ्यात.

२०११चा 'सिंघम' आठवा. तोही तमिळ चित्रपटाचा रीमेक, पण माती आपली वाटायची. जामिनाच्या अटीपायी खलनायक जयकांत शिक्रेला शिवगडच्या ठाण्यात सही करायला यावं लागतं. गाड्यांचा ताफा, सोबत माणसं, सगळा रुबाब. आणि काम काय, तर सही! इन्स्पेक्टर बाजीराव सिंघम, म्हणजे अजय देवगण, मागे हटत नाही, गाव गोळा होतं आणि जयकांतला निमूट परत जावं लागतं. प्रकाश राज यांचा चेहरा पाहून हसूही येतं आणि हा माणूस याचा सूड घेणार, हेही कळतं. त्याच चित्रपटात अशोक सराफ हवालदार सावळकर होते. त्यांच्यामुळे ठाणं हे ठाणं वाटायचं.

मारामारी असो की विनोद, मारणारा आणि मार खाणारा एकत्र दिसले पाहिजेत आणि क्षण साधला पाहिजे. रोहित शेट्टींना हे कुणी शिकवायला नको, वडील एम. बी. शेट्टी फाइटमास्टर होते. अजय देवगणचे वडील वीरू देवगण हेही त्याच धंद्यातले.

पण हे ज्याच्या अंगातच होतं, तो माणूस दादरचा. भगवानदादा पालव आपल्याला 'अलबेला'पुरते (१९५१) ठाऊक असतात. त्याआधी दहा-बारा वर्षं त्यांनी कमी पैशांतले स्टंटपट काढले आणि गिरणगावानं ते उचलून धरले. स्वतः गिरणी कामगाराचा मुलगा. उड्या स्वतःच मारायच्या, डमी वगैरे भानगड नाही. बुटका, गोलमटोल माणूस धिप्पाड गुंडांना लोळवतो म्हटल्यावर पब्लिक धास्तावतं आणि हसतंही. 'अलबेला'त त्यांची कंबर ज्या मोजक्या झोकानं हलते, त्यात मला तरी मारामारीतला तोलच दिसतो. मात्र त्या काळाचे नुसते गोडवे गाऊ नयेत. १९४२मध्ये चित्रीकरणात त्यांनी मारलेल्या थपडेनं ललिता पवारांचा डावा डोळा कायमचा अधू झाला. दोरखंड, हार्नेस, सगळी काळजी हवीच.

काळजी घेऊनही खरं काही दाखवता येतं. गाडी उलटवायची असेल तर तिच्या पोटात तोफेसारखी नळी बसवतात. दाबून भरलेल्या वायूच्या जोरावर दांडा जमिनीवर आदळतो आणि गाडी कोलांट्या घेते. २०२४च्या 'द फॉल गाय'मध्ये अशी गाडी ऑस्ट्रेलियातल्या वाळूत साडेआठ वेळा उलटली, गिनेसमध्ये नोंद झाली. आणि तो चित्रपट विनोदी आहे, बरं का.

'भूलभुलैया ३'बद्दल फार लिहिण्यासारखं नाही. विद्या बालन आणि माधुरी समोरासमोर नाचतात तेवढं पाहावं. हसवण्याचं काम राजपाल यादव, संजय मिश्रा आणि आपल्या अश्विनी काळसेकर यांच्यावर ढकललंय आणि संवाद लिहिणाऱ्यानं त्यांना उघड्यावर सोडलंय.

त्यापेक्षा जून २०२४मधला 'मुंज्या' कितीतरी उजवा. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, भूत कोकणातलं, आजी सुहास जोशी, बडा स्टार एकही नाही. तरी शंभर कोटींच्या पुढे गेला. लग्नासाठी हटून बसलेलं ते संगणकी पोर दचकवतं आणि पुढच्याच क्षणी हसवतं, कारण कॅमेऱ्याला कुणाची आरती ओवाळायची नसते. रोहित शेट्टींनी पुढच्या सिंघममध्ये चार पाहुणे कमी करावेत आणि त्या पैशात एक सावळकर परत आणावा.