यादी तपासणाऱ्याचीही परीक्षा घ्या

कापडाच्या व्यापारात मालाची यादी आता बहुधा संगणकावर असते. एका ओळीत खरेदीदाराचा जीएसटी क्रमांक, कापडाचा एचएसएन कोड, मीटर आणि दर. त्यातला क्रमांक चुकला तर बिल भलत्याच्या नावावर चढते आणि खरेदीदाराची कराची वजावट अडकते. नुकसान दोघांचे, शिवाय संबंध बिघडतात ते वेगळेच.

अशा याद्या हाताळण्यासाठी पायथन ही स्क्रिप्टिंग भाषा फार वापरली जाते. ती १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्या यादीत काहीही भरता येते. आकड्याच्या जागी अक्षरे आली तरी ती तक्रार करत नाही. ‘येथे आकडाच हवा’ असे लिहून ठेवण्याची सोय २०१५ मध्ये आली; पण तेवढ्याने पायथन स्वतः तपासणी करत नाही. म्हणून प्रोग्रॅमरकडून आपले नियम लिहून घ्यावे लागतात. उदाहरणार्थ, जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरे पॅनची. शेवटचे अक्षर पडताळणीचे.

नियम लिहिले म्हणजे काम झाले, हा गैरसमज आहे. बरोबर यादी पास होणारच. मुद्दाम खोटी यादी देऊन पाहा.

१) यादी रिकामी द्या. ‘सर्व ओळी बरोबर आहेत का?’ या प्रश्नाला पायथन ‘होय’ म्हणते!

२) मीटरचा रकाना रिकामा सोडा. एक्सेलचा तक्ता ‘पांडास’ या साधनाने वाचला की तेथे ‘नॅन’ येते. ते शून्याहून कमी नाही आणि शून्याइतकेही नाही. त्यामुळे ‘शून्य किंवा कमी असेल तर नाकार’ हा नियम त्याला अडवत नाही.

३) आकड्याच्या जागी ‘ट्रू’ म्हणजे ‘होय’ द्या. पायथन त्याला १ हा पूर्णांकच समजते.

४) सीमेवरचा माल द्या. ८५ टक्के किंवा जास्त सूत असलेले विणलेले कापड चौरस मीटरला २०० ग्रॅमपर्यंत ५२०८ मध्ये, त्याहून जड असेल तर ५२०९ मध्ये जाते. २०० आणि २०१ दोन्ही तपासा.

चूक कोणत्या ओळीत, कोणत्या रकान्यात, हेही प्रोग्रॅमने सांगितले पाहिजे. या खोट्या याद्या जपून ठेवा आणि नियम बदलला की पुन्हा चालवा.

मात्र तपासणी फक्त साचा पाहते. ४० मीटरच्या थानावर ४०० लिहिले तर ती गप्पच राहील. तेथे गजपट्टी हवी आणि मोजणारा हातही इमानदार हवा.