आधी सलामी, मग लाठी

उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी नात काटोलला आली, की घराचा माळा उपसला जातो. जुनी मासिके, फुटके कंदील, तिच्या आजीच्या शिवणयंत्राचे झाकण असे सगळे अंगणात येते आणि संध्याकाळी माझ्याकडूनच पुन्हा वर चढवून घेतले जाते. यंदा त्या पसाऱ्यातून एक लाठी निघाली. तेल पिऊन काळपट झालेली, टोकाला तारेचे वेढे दिलेली, पन्नास वर्षांपूर्वीची माझी लाठी.

नात अकरा वर्षांची आहे. पुण्याला कराटे शिकते. नुकताच तिला 'ऑरेंज बेल्ट' मिळाला. संत्र्यांच्या गावी त्याचे कौतुक जरा जास्तच झाले. तिने लाठी उचलली, अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, ''आजोबा, शिकवा ना!''

मी म्हणालो, ''आधी ती खाली ठेव. मातीला हात लाव, कपाळाला लाव. मग समोरच्याला सलामी. लाठी त्यानंतर.''

''आमच्या क्लासमध्येपण आधी वाकतात,'' ती म्हणाली. ''पण का वाकायचं ते सर सांगत नाहीत. महिनाभर नुसते पाय टाकायला का लावतात, तेही नाही. आणि सर म्हणतील ते सगळं ऐकायचंच का?''

प्रश्न तीन होते. वाकायचे कशाला, पाय कशाला घोटायचे आणि गुरूचे किती ऐकायचे. बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला प्रश्न 'उद्या या' म्हणून टाळण्याची सवय असते. मी तेच केले. पण रात्री झोप लागेना. कारण पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला चांगलेच ठाऊक होते, आणि ते मी आजवर घरात कोणालाही सांगितले नव्हते.

१९७०च्या सुमारास काटोलात आमचा आखाडा जाम नदीच्या अंगाला होता. आखाडा म्हणजे कुडाच्या भिंती, वर टिनाचे छप्पर, आत शेंदूर लावलेला मारुती आणि तेल-ताक घालून मऊ केलेली तांबडी माती. दार इतके ठेंगणे, की आत शिरताना मान आपोआप खाली जायची. आमचे उस्ताद दिवसा कापसाच्या जिनात काम करायचे आणि पहाटे आम्हाला शिकवायचे. फी नव्हती. गुरुपौर्णिमेला नारळ नि सवा रुपया. तोही एखाद्याकडे नसला, तर उस्तादांनी कधी विचारल्याचे आठवत नाही.

शिस्त मात्र कडक होती. चपला बाहेर. आल्यावर पहिले काम झाडण्याचे. लाठी ओलांडायची नाही, पायाने सरकवायची नाही, दुसऱ्याच्या हाती फेकून द्यायची नाही. रागात असशील तर त्या दिवशी नुसते जोर-बैठका काढ, लाठीला हात लावू नकोस. आणि समोरच्याने लाठीचे टोक जमिनीला टेकवले, की खेळ थांबला. मग तुझा वार कितीही सुंदर येत असो.

पहिला दीड महिना माझ्या हाती लाठी आलीच नाही. नुसता पवित्रा. डावा पाय पुढे, उजवा मागे, गुडघे किंचित दुमडलेले. मग वळण, मग चारी दिशांना तोंड करून तेच. मला वाटायचे, हा आपला वेळ मोडायचा उद्योग. त्याचे कारण पुढे दांडपट्टा हाती आल्यावर कळले. पट्ट्याच्या मुठीवर लोखंडी खोबळा असतो आणि तो हात जवळजवळ कोपरापर्यंत झाकतो. त्यात मनगट अडकून पडते. तलवारीसारखा मनगटाने वार करायला जाल तर लवचीक पाते भलतीकडेच लचकते. वार खांद्यातून काढावा लागतो, खांदा कमरेवर फिरतो आणि कंबर पायांवर. पाय चुकला, की पट्टा आपल्याच पोटरीशी येतो. लाठीचेही तेच. पोरांना ती हाताने फिरते असे वाटते, पण तिचा जोर आणि तिचा ताबा दोन्ही पायांतून येतात.

लाठीची आणखी एक गंमत आहे. हात वीतभर फिरतो तेव्हा तिचे टोक हातभर फिरते, म्हणजे टोकाचा वेग हाताच्या कितीतरी पट असतो. अर्ध्या वाटेत तिला आवरणे नवशिक्याच्या हातात नसते. थांबायचे की नाही हे वार निघण्याआधीच ठरवावे लागते. म्हणून समोरच्याकडे सतत पाहायचे. उस्ताद म्हणायचे, ''लाठीले डोये नसतात पोरा, तुले आहेत. सलामीत समोरच्याच्या डोयात पाहाचं.'' सलामी म्हणजे आमच्या लेखी एक करार होता. मी तुझ्यावर खरा वार करीन, तू माझ्यावर खरा वार कर, आणि दोघेही एकमेकांना सांभाळू.

तो करार मी मोडला. मी सातवीत होतो. माझा जोडीदार माझ्याच वर्गातला, हाताने माझ्यापेक्षा चपळ. त्या सकाळी त्याने मला लागोपाठ तीनदा चकवले; तमाचा, बाहेरा, शीर, तिन्ही वार त्याचे. आजूबाजूची पोरे हसली. चौथ्या फेरीला त्याच्या पायात काहीतरी रुतले, त्याने लाठीचे टोक खाली टेकवले आणि तो वाकला. मी ते पाहिले. पाहूनही वार सोडला. तो त्याच्या उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

उस्ताद माझ्या अंगावर धावून आले नाहीत. बोट बांधून त्याला दवाखान्यात पाठवले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, ''लागलं म्हणून नाई रागावलो मी. लागतच असते. त्यानं लाठी खाली केली होती, अन् ते तुले दिसलं होतं.'' त्यांनी शिक्षा दिली ती अशी : जोडीदार स्वतः लाठी आणून हातात देईल तेव्हाच मी खेळायचे. तोवर रोज यायचे, झाडायचे, माती खणायची आणि घरी जायचे. पाच महिने मी माती खणली. पाच महिन्यांनी त्याने लाठी आणून दिली, तेव्हा त्याचे बोट वाकडेच जुळले होते.

पुढे बँकेत लागलो. तिजोरीला दोन चाव्या असतात, दोन अधिकाऱ्यांकडे. एकट्याला ती उघडता येत नाही. नव्या पोरांना त्यात अपमान वाटायचा, 'आमच्यावर विश्वास नाही का?' मी त्यांना सांगायचो, की अरे, विश्वास राहावा म्हणून तर ही सोय आहे. ती तुझ्या विरुद्ध नाही, तुझ्याही रक्षणासाठी आहे. हे मी आखाड्यात शिकलो होतो, फक्त त्यांना तसे सांगत नव्हतो.

पण आखाड्याच्या सगळ्याच रीती अशा नव्हत्या, हेही नातीला सांगायला हवे होते. ही विद्या मुळात लढाईची. १८५३ साली तिसरे रघूजी भोसले गेले आणि पुढच्याच वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले. १८७८च्या शस्त्रकायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा ठरला. तलवारीच्या जागी चामड्याने मढवलेला गदका आणि छोटी फरी, भाल्याच्या जागी बोथाटी, आणि सर्वांत सोपी म्हणजे शेतकऱ्याच्या घरात असतेच ती लाठी, यांच्यावर विद्या तगून राहिली. गणपतीच्या, देवीच्या आणि ताजियाच्या मिरवणुकीत ती लोकांपुढे यायची. तिची भाषाही अशीच सरमिसळ. उस्ताद, सलामी, तमाचा हे शब्द मारुतीपुढे उच्चारताना कोणाला कधी खटकले नाहीत. बडोद्याचे उस्ताद जुम्मादादा मुसलमान, त्यांचे पट्टशिष्य माणिकराव हिंदू. आणि माणिकरावांच्या संस्थेचे नाव जुम्मादादा व्यायाम मंदिर.

या तगून राहण्यात एक खोड मात्र शिरली. ती म्हणजे डाव राखून ठेवण्याची. मांजर वाघाची मावशी; तिने भाच्याला सगळे शिकवले, झाडावर चढणे तेवढे शिकवले नाही, म्हणून ती वाचली, ही गोष्ट प्रत्येक आखाड्यात सांगत. शिष्य उलटेल म्हणून शेवटचा डाव उस्तादाने पोटात ठेवायचा. पिढीगणिक एकेक डाव असा पोटात राहिला तर पाचव्या पिढीच्या हाती काय उरणार? किती उस्तादांबरोबर किती विद्या चितेवर किंवा कबरीत गेली असेल!

याच्या उलट वाट आमच्या शेजारी अमरावतीने दाखवली. १९१४ साली वैद्य बंधूंनी तेथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. दूरदूरच्या मुलांना एकत्र बसवून, क्रम लावून शिकवायचे आणि शिकलेल्याने गावी जाऊन पुढे शिकवायचे, अशी त्यांची पद्धत. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने जर्मनीत जाऊन आपले देशी खेळ करून दाखवले. तिकडे बडोद्यात द. चिं. मुजुमदारांनी 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड संपादित केले. जे पोटात ठेवायचे ते छापून मोकळे केले. शिष्य उलटतील ही भीती त्यांना नसेल असे नाही. विद्या बुडेल ही भीती मोठी वाटली, एवढेच.

दुसरी खोड त्याहून वाईट. ठेंगण्या दाराने आमच्या माना वाकवल्या, पण काहींना त्या दारातून आत घेतलेच नाही. माझी धाकटी बहीण कुडाच्या फटीतून पाहायची. 'मारुतीपुढे बायांनी येऊ नये' असे सांगून तिला हाकलत. घरी येऊन ती काठीने चौमुखी फिरवायची, माझ्यापेक्षा बरी. मी तिला एकदाही म्हणालो नाही, की चल, मी उस्तादांना विचारतो. मग २०२० साली हडपसरच्या शांताबाई पवार साऱ्या देशाने पाहिल्या. पंच्याऐंशीच्या घरातली आजी, टाळेबंदीत नातवंडांच्या पोटासाठी पुण्याच्या रस्त्यावर दोन्ही हातांनी काठ्या फिरवत होती. डोंबाऱ्याच्या घरातली लेक. बापाकडून लहानपणी शिकलेली. म्हणजे ज्या खेळाला आम्ही बायकांची सावली पडू देत नव्हतो, तो त्यांच्या घरच्या बाया रस्त्यावर पिढ्यान्‌पिढ्या करत होत्या. फक्त आम्ही त्याला विद्या म्हणत नव्हतो. केरळात मीनाक्षीअम्मांनी जन्मभर कलरीपयट्टू शिकवले आणि २०१७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०२४ साली महाराष्ट्राने दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून मान दिला. मान चांगलाच आहे. पण तो पट्टा कोणाच्या हाती द्यायचा हेही आपण ठरवायला हवे.

तेव्हा नातीच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला असे सुचले. कोणतीही रीत समोर आली, की विचारायचे, ही रीत कोणाला जपते? समोरच्याच्या डोळ्याला, बोटाला, गुडघ्याला जपत असेल तर निमूट पाळायची, तिथे वाद नाही. 'थांब' म्हटले की थांबायचे, ही त्यांतली पहिली. आणि नुसत्या उस्तादाच्या मोठेपणाला जपत असेल, किंवा कोणाला तरी दाराबाहेर ठेवत असेल, तर हात जोडून विचारायचे, 'का?' नातवंडांना क्लासला घालणाऱ्यांनीही एवढे पाहावे. गुरुजी 'का' ऐकून घेतात का? पालकांना बसून पाहू देतात का? आणि पोर 'थांबा' म्हणाले, तर ते स्वतः थांबतात का? पट्ट्याचा रंग नंतर पाहावा.

दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन मी जोडीदाराच्या मळ्यात गेलो. तो संत्र्याचा बागायतदार. आम्ही खाटेवर बसलो, सुनेने चहा आणला. नातीचे लक्ष त्याच्या बोटाकडे गेले. सूनच म्हणाली, ''लहानपणी बैलाच्या जुवाखाली सापडलं होतं बाबांचं बोट.''

मी जोडीदाराकडे पाहिले. त्याने पन्नास वर्षे घरी हेच सांगितले होते.

''जुवाखाली नाही,'' मी म्हणालो. ''ते मी मोडलं. त्याने लाठी खाली टेकवली होती, ते पाहूनसुद्धा मारलं.''

नात माझ्याकडे बघतच राहिली. जोडीदार म्हणाला, ''आता कायले सांगतं बे हे? आखाड्यातली गोष्ट आखाड्यातच ठेवाची असते.''

हीसुद्धा एक रीत, आणि तिने इतकी वर्षे मला जपले. पण गप्प राहायचे की सांगायचे, हे ठरवायचा हक्क ज्याला लागले त्याचा असतो. ज्याने मारले त्याने त्या गप्प राहण्याच्या आडोशाला आयुष्य काढू नये, एवढे मला उशिरा का होईना समजले आहे.

नातीने बराच वेळ काही विचारले नाही. मग उठून लाठी आणली आणि माझ्याकडे न देता दोन्ही हातांवर आडवी धरून त्याच्यापुढे नेली. त्याने ती घेतली, त्या वाकड्या बोटासकट मूठ आवळली आणि हसून म्हणाला, ''बोट वाकडं झालं, पण संत्र तोडाले हेच कामी येते. चाल पोरी, उभी राह्य. आंधी माझ्या डोयात पाह्य.''

तिने मातीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि त्याच्याकडे पाहिले. कशाला, असे तिने या वेळी विचारले नाही.