देशोदेशींचे आहार व आपलें ताट

गेल्या पावसाळ्यांत मधल्या सुटीच्या वेळीं एक विद्यार्थी डबा हातानें झांकून जेवतांना मला दिसला. डब्यांत तांदळाची भाकरी व सुक्या जवळ्याची चटणी होती. शेजारच्या बांकावर बिस्किटांचे व बटाट्याच्या वेफरांचे चकचकीत पुडे उघडले होते, आणि त्यांचा दिमाख पाहून ह्या मुलास आपल्या आईच्या हातच्या अन्नाची लाज वाटत होती. त्या दिवशीं त्यास जें सांगावयाचें राहिलें, तें येथें सर्वच मुलांकरितां व त्यांच्या पालकांकरितां लिहीत आहें.

जपानच्या आरमारांत 1880 च्या सुमारास बेरीबेरी नांवाच्या रोगानें कहर मांडला होता. हातपाय बधिर होत, अंगावर सूज येई व शेवटीं हृदय थांबे. 1882-83 च्या सफरींत ‘र्युजो’ ह्या जहाजावरील 376 लोकांपैकीं 169 जणांस हा रोग जडला व 25 दगावले. आरमाराचे वैद्य ताकाकी कानेहिरो ह्यांस दिसून आलें कीं, जेथें नुसत्या पांढऱ्या भातावर भर तेथें रोग अधिक. त्यांनीं 1884 सालीं ‘त्सुकुबा’ हें जहाज त्याच मार्गानें धाडिलें. मात्र शिध्यांत मांस, दूध व जव ह्यांची भर घातली. त्या सफरींत बेरीबेरीनें एकही मनुष्य मेला नाहीं. उपाय सांपडला, पण कारण नीट उमगलें नाहीं.

तें उमगण्याची वाट जावा बेटांतल्या कोंबड्यांनीं दाखविली. डच वैद्य ख्रिस्तियान आइकमान ह्यांच्या प्रयोगशाळेंतील कोंबड्या 1890 च्या सुमारास लंगडूं लागल्या. त्यांना लष्करी इस्पितळांतला उरलेला पांढरा भात घालीत असत. पुढें नवा आचारी आला. लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना देणें त्यास पसंत पडेना! त्यांना साधा, कोंडा न काढलेला तांदूळ मिळूं लागला आणि त्या बऱ्या झाल्या. दाण्यावरच्या तांबूस पापुद्र्यांत ब-1 हें जीवनसत्त्व असतें व गिरणींत तांदूळ चकचकीत करतांना तें निघून जातें, हें पुढें सिद्ध झालें. आइकमान ह्यांस 1929 सालीं हॉपकिन्स ह्यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळालें.

आमच्या दक्षिण कोंकणांत व गोव्यांत उकड्या तांदळाची पेज पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. भात टरफलासकट उकडून, वाळवून मग सडलें म्हणजे तें जीवनसत्त्व दाण्याच्या आंत मुरतें. ज्या आजींनीं ही रीत राखिली त्यांनीं जीवनसत्त्व हा शब्दही ऐकला नव्हता. आणि माझ्या घरीं, पदवीधर शिक्षकाच्या घरीं, वर्षानुवर्षें पांढराशुभ्र तांदूळच येत असे. कारण तो मला अधिक ‘स्वच्छ’ वाटे.

परदेशचें अन्न घेऊं नये असें माझें म्हणणें नाहीं. मिरची, बटाटा, टोमॅटो हीं सारीं अमेरिका खंडांतून आलेलीं; मिरचीवांचून आपल्या ईस्ट इंडियन घरांतील बाटली मसाला कसा असता? तथापि अन्नाबरोबर त्याची रीतही घ्यावी. मेक्सिकोचे लोक मका चुन्याच्या पाण्यांत शिजवून मगच दळीत. युरोपानें मका नेला, चुना नेला नाहीं. आणि उत्तर इटलीचे गरीब शेतकरी, ज्यांचें पोट मक्यावरच होतें, ते पेलाग्रा रोगानें कातडी सोलून निघेपर्यंत व बुद्धिभ्रंश होईपर्यंत पिडले गेले.

आतां त्या जवळ्याकडे वळूं. लहान मासे कांट्याकवचासकट खाल्ले म्हणजे हाडांस लागणारा चुना आयताच मिळतो. जपानी लोकही बारीक मासे सुकवून असेच खातात, आणि त्यांच्या पारंपरिक आहारास 2013 सालीं युनेस्कोनें अमूर्त सांस्कृतिक वारशांत स्थान दिलें. वर्सोव्यास वलांड्यांवर बोंबील वाळतांना नाकाला रुमाल लावणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. मात्र त्याच जपानांत 1951 पासून सुमारें तीस वर्षें पक्षाघात हें मृत्यूचें पहिलें कारण होतें, आणि त्यांत खारवलेल्या पदार्थांचा वांटा मोठा होता. दिवसास एकंदर पांच ग्रॅमहून, म्हणजे लहान चमचाभराहून, अधिक मीठ नको असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून खारा मासा दोन पाण्यांत धुवावा व कालवणांत वरून मीठ घालूं नये.

त्या डब्यांत उणीव होती ती पालेभाजीची. 1928 सालीं ल्यूसी विल्स ह्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या. येथल्या गरीब गरोदर स्त्रियांचा एक प्रकारचा पंडुरोग यीस्टच्या अर्कानें बरा होतो, असें त्यांना आढळलें. त्यांतील द्रव्य म्हणजे फोलिक आम्ल. 1941 सालीं तें पालकाच्या पानांतून वेगळें काढण्यांत आलें. तें आपल्या माठांत आहे, डाळींतही आहे.

मुलाच्या आईस मीं निरोप धाडिला कीं, जवळ्यांत कधीं मूठभर लाल माठ चिरून घालून पाहावा. परवां डबा उघडा होता. मीही त्यांतला एक घास घेतला. तिखट फार होतें.